पत्र्यावरचे दगड आणि नकाशावरचा रंग

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. हिंगोली, नांदेड, परभणी या जिल्ह्यांतील लोक घराबाहेर धावले. मोठी हानी झाली नाही, त्यामुळे दोन-चार दिवसांत हा विषय वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर गेला आणि मग तेथूनही नाहीसा झाला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हाही हेच घडले. या बातम्यांतील एक लहानसा तपशील मात्र ध्यानात ठेवण्याजोगा होता. मार्चमधील धक्क्यांनंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने नागरिकांना ज्या सूचना केल्या, त्यांत घरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी वर दगड ठेवले आहेत त्यांनी ते काढून घ्यावेत, असे एक आवाहन होते.

भूकंपविषयक लोकशिक्षणाचा इतका नेमका नमुना सरकारी कागदावर क्वचितच सापडतो. ज्याने हे आवाहन लिहिले त्याने मराठवाड्यातील घर पाहिले आहे, हे त्यातून कळते. एरवी आपत्ती व्यवस्थापनाची पत्रके वाचली की ती कोणत्या मुलखासाठी लिहिली आहेत, असा प्रश्न पडतो. टेबलाखाली बसा, लिफ्टचा वापर टाळा, काचेच्या तावदानांपासून दूर राहा. ज्या घरात टेबल नाही, लिफ्ट नाही आणि तावदानांच्या जागी लाकडी फळ्यांची एकच खिडकी आहे, त्या घरातील माणसाने या सूचनांचे काय करावे?

अर्थात नांदेडचे आवाहनही अर्ध्यावरच थांबणारे होते. पत्र्यावर दगड ठेवणारा माणूस मूर्ख नसतो. वैशाख-ज्येष्ठात वळवाचे वादळ सुटते तेव्हा मोकळा पत्रा वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातो, आणि उडालेला पत्रा कोणाचा गळाही कापू शकतो, हे त्याने पाहिलेले असते. दगड काढा असे सांगताना त्याच्या जागी काय करा, हेही सांगावे लागते. पत्रा वाशाला किंवा लोखंडी नळीला आकड्याच्या बोल्टने जखडला तर तो वादळातही टिकतो आणि धक्क्यातही डोक्यावर काही पडत नाही. हे काम एका दिवसाचे असते, त्याला खर्चही फार येत नाही. परंतु ते करायचे कसे आणि बोल्ट किती अंतरावर असावेत हे दाखवायला कोणीतरी घरापर्यंत यावे लागते. लोकशिक्षण या शब्दाचा खरा अर्थ तेथे सुरू होतो. आपल्याकडे तो बहुधा पत्रक छापून झाले की संपतो.

हिंगोलीच्या धक्क्यांचा जालना जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मंठा आणि परतूर हे जालन्याचे दोन तालुके परभणीच्या सीमेला लागून आहेत. कळमनुरी परिसर मंठ्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर, तर जालना शहरापासून दीडशेच्या आसपास. किल्लारी जालन्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. या अंतरांमुळे जालना आजवर मोठ्या हानीपासून वाचले, हे खरे आहे. परंतु या वाचण्याचाच एक परिणाम असा, की भूकंप ही लातूरची, कोयनेची किंवा फार तर हिंगोलीची बाब आहे, आपली नव्हे, अशी समजूत जिल्ह्यात घट्ट बसली. जालन्याची आपत्ती म्हणजे दुष्काळ, टँकर, गारपीट आणि अलीकडे अतिवृष्टी. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होते. जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी कोठून आणायचे हा प्रश्न असतो, तिथे प्रशासनाने भूकंपावर किती वेळ आणि पैसा खर्च करावा, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. ते पुढे येईलच. आधी नकाशाविषयी.

भारतीय मानक संस्थेने देशाचे भूकंपप्रवणतेनुसार विभाग पाडले आहेत. १९९३ पूर्वीच्या नकाशात पाच क्षेत्रे होती आणि सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात किल्लारीचा समावेश होता. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या पाषाणाचा अचल चबुतरा, त्याला काय होणार, असे शाळेच्या पुस्तकापासून अभियंत्याच्या टेबलापर्यंत सगळीकडे मानले जाई. १९६७ च्या डिसेंबरमध्ये कोयनेने त्या समजुतीला तडा दिला होता, पण त्याचे खापर धरणाच्या पाण्यावर फोडून उरलेले पठार निर्धोक ठेवण्यात आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. सरकारी आकडेवारीनुसार ७,९२८ माणसे गेली. २००२ साली मानकात सुधारणा झाली तेव्हा पहिले क्षेत्र रद्द करून ते दुसऱ्यात विलीन करण्यात आले, लातूर-उस्मानाबादचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला आणि जालना जिल्ह्याची नोंद दुसऱ्या क्षेत्रात झाली.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिले क्षेत्रच उरले नाही म्हणजे दुसरे हे आपोआप सर्वांत खालचे ठरले. किल्लारी भूकंपाच्या आदल्या दिवशी नकाशावर ज्या पायरीवर होती, त्याच शेवटच्या पायरीवर जालना आले. त्यावरून जालन्यात किल्लारीसारखा भूकंप होईल, असे कोणी म्हणू नये. तसे म्हणायला कोणताही आधार नाही आणि भूकंपाचे भाकीत करण्याची विद्या जगात कोणाजवळही नाही. नकाशा फक्त एवढेच सांगतो, की आजवरच्या नोंदींवरून येथे तीव्र धक्क्याची शक्यता कमी दिसते. ‘कमी’ या शब्दाचे कार्यालयीन भाषांतर मात्र ‘नाही’ असे होते. २०११ साली केंद्राने राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम आखला तेव्हा त्यासाठी देशातील जे ४३ जिल्हे निवडले ते चौथ्या आणि पाचव्या क्षेत्रांतील होते. मर्यादित पैशात ते योग्यही होते. परंतु अशा प्रत्येक निवडीबरोबर खालच्या क्षेत्रांतील जिल्ह्यांना एक न लिहिलेला निरोप मिळतो, की तुम्हाला याची गरज नाही.

किल्लारीचा आणखी एक धडा या संदर्भात फार बोलका आहे आणि तो बहुतेक विसरला गेला आहे. मोठा भूकंप अचानक झाला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसराला शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते. लोक घाबरले, अनेकांनी काही काळ घराबाहेर मुक्काम हलवला, तज्ज्ञ येऊन गेले. धक्के ओसरले तशी भीतीही ओसरली आणि माणसे त्याच जाड दगडी भिंतींच्या घरांत परतली. लहान धक्क्यांमागून मोठा येईलच असे नसते; बहुतेक ठिकाणी तो येत नाही. तेव्हाच्या शास्त्रज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्या दहा-अकरा महिन्यांत एक गोष्ट करता येण्यासारखी होती. लोकांचे कान उघडे होते, जमिनीखालचे आवाज प्रत्येकाने ऐकले होते, घराकडे संशयाने पाहण्याची तयारी होती. अशा वेळी त्यांना धोका जमिनीत किती आहे हे सांगण्याऐवजी भिंतीत किती आहे हे दाखवले असते, तर निदान काही घरांतील झोपण्याच्या जागा बदलल्या असत्या. ती संधी आश्वासने देण्यात गेली.

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात गेली काही वर्षे भूगर्भातून गूढ आवाज येत असल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्याही प्रत्येक वेळी प्रशासनाचे पथक जाते, नोंदी तपासल्या जातात आणि घाबरून जाऊ नये, असे आवाहन होते. घाबरू नका हा सल्ला वाईट नाही, पण तो एकट्याने फारसा उपयोगी नसतो. शिवाय लहान धक्का आपल्याबरोबर एक खोटे समाधानही ठेवून जातो. भूकंप झाला, घर हलले, पडले नाही. म्हणजे घर मजबूत आहे, असा निष्कर्ष माणूस काढतो. हे गणित त्याला कोणी समजावून देत नाही. ४.५ आणि ६.२ या दोन आकड्यांतील फरक पावणेदोनहून कमी दिसतो, पण मुक्त होणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबात तो सुमारे साडेतीनशे पटींचा आहे. हिंगोलीच्या धक्क्यात टिकलेल्या भिंतीने कसलीही परीक्षा दिलेली नाही.

मराठवाड्यातील जुने घर कसे पडते, हे एकदा समजून घेतले तर पुढच्या सर्व सूचना आपोआप सुचतात. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, काळ्या दगडाची, मातीत रचलेली. बाहेरून ती किल्ल्यासारखी भासते. वस्तुतः ती एक भिंत नसून दोन असतात, बाहेरची आणि आतली, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व मातीची भर घातलेली असते. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड पूर्वीचे जाणते गवंडी ठरावीक अंतरावर घालीत; पुढे तो घालणे बंद झाले. हादरा बसला की आतली भर खाली बसते, दोन्ही तोंडे फुगतात आणि एकमेकांपासून सुटतात. कोपरे आधी उघडतात. वर माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर चढवत नेलेला असतो, तो काही घरांत दोन फुटांवर गेलेला असतो. ते सारे वजन झोपलेल्या माणसावर येते. किल्लारीत अनेक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या कोसळल्या. म्हणजे घरात एक भाग टिकणारा होता. तो कोणता, हे घरमालकाला ठाऊक नव्हते.

जालना जिल्ह्यातील भोकरदन, जाफराबादपासून घनसावंगीपर्यंतच्या जुन्या गावठाणांत अशा घरांची कमतरता नाही. त्यांच्या जोडीला मातीच्या भिंतींवर पत्रे टाकलेली घरे आहेत. आणि येथेच त्या आक्षेपाचे उत्तर आहे. भूकंपाची वाट पाहायची गरज नाही. अतिवृष्टीत भिजलेली मातीची भिंत रात्री कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात येतात. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील घरांची काय गत केली, हे सर्वांनी पाहिले. पाण्याने पडणारी भिंत आणि हादऱ्याने पडणारी भिंत एकच असते. आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा, माळवदावरची अनावश्यक माती उतरवणे, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू देणे, पत्रा जखडणे. यांतील प्रत्येक उपाय पावसाळ्यातही जीव वाचवतो, वादळातही वाचवतो. भूकंपासाठी वेगळा पैसा मागण्याची वेळच येत नाही. टँकरच्या जिल्ह्याला भूकंपाची चैन परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

आता बचावाच्या सूचनांकडे. खाली बसा, आडोसा घ्या, घट्ट धरून ठेवा हे सूत्र जगभर शिकवले जाते आणि पक्क्या बांधणीच्या इमारतीत ते योग्यच आहे. कॉलम-बीमची शाळा, कार्यालय, सदनिका यांमध्ये धावपळीत जिन्यावर जीव जाण्यापेक्षा मजबूत टेबलाखाली थांबणे केव्हाही शहाणपणाचे. पण दोन फूट मातीच्या माळवदाखाली आडोसा कशाचा घ्यायचा? एकमजली, जड छपराच्या मातीच्या घरात दाराजवळ असलेल्या माणसाने तत्काळ बाहेर मोकळ्यात जाणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग असतो. उलट बाहेर पडणे नेहमीच सुरक्षित असते असेही नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीसाठी निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. जालन्यात कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील जुना जालना आणि कादराबाद या भागांतील जुन्या गल्ल्या आठवून पाहाव्यात. तेथील वाड्यातून गल्लीत धावत सुटणे म्हणजे एका भिंतीखालून दोन भिंतींमध्ये जाणे. एकाच तालुक्यात, क्वचित एकाच रस्त्यावर, तीन प्रकारच्या घरांसाठी तीन वेगळ्या सूचना द्याव्या लागतात. मुंबईत किंवा दिल्लीत छापलेले एक पत्रक हे काम करू शकत नाही. ते गावात बसूनच ठरवावे लागते.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कोयनेचा भूकंप पहाटे चारनंतर झाला, किल्लारीचा चारच्या आत. हिंगोलीचे २०२४ मधील धक्केही सकाळी सव्वासातच्या आतले. किल्लारीची ती रात्र तर गणेश विसर्जनानंतरची होती. उशिरापर्यंत जागलेली माणसे गाढ झोपेत होती. असे असताना आपली सारी सरावशिबिरे दुपारी अकरा वाजता शाळेच्या मैदानावर होतात. मुले रांगेत बाहेर येतात, एक जण जखमी झाल्याचे सोंग करतो, छायाचित्र निघते. शाळेतील सराव करूच नये असे नाही, परंतु मुलांना घरी नेण्यासाठी एक काम द्यायला हवे: आपल्या घरात कोण कोठे झोपते याचा आराखडा काढून आणणे. बाज कोणत्या भिंतीला लागून आहे? आजी झोपते तिथे वर फळीवर पितळेची भांडी किंवा धान्याची पोती आहेत का? दाराची कडी अंधारात लहान मुलाला काढता येते का? दार आत उघडते आणि त्याच्या मागे सायकल किंवा गॅसची टाकी लावून ठेवलेली असते का? या प्रश्नांची उत्तरे चौथीतले मूल देऊ शकते आणि त्यातील निम्म्या गोष्टी त्याच संध्याकाळी फुकटात बदलता येतात. दरवर्षी ३० सप्टेंबरला मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत हा एक तास झाला, तर किल्लारीची आठवण श्रद्धांजलीच्या कार्यक्रमापलीकडे जाईल.

हे सर्व करायचे कोणी? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले आणि लोकांचे प्रशिक्षण व जनजागृती हे त्याचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले. परंतु जिल्हाधिकारी कार्यालयातील एका छोट्या कक्षाने आठ तालुक्यांतील आणि २०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार लोकवस्तीच्या जिल्ह्यातील घराघरांत पोहोचावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. त्यासाठी मराठवाड्याला बाहेरून काही आणण्याची गरज नाही. ते येथेच एकदा करून झाले आहे.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प राबवण्यात आला. त्यातील बावन्न गावांच्या स्थलांतराची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून मोठा, पण कमी चर्चिला गेलेला भाग होता तो राज्याच्या तेरा जिल्ह्यांतील जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा. हे काम ठेकेदाराकडून करून न घेता घरमालकाने स्वतः करायचे होते आणि सरकार हप्त्याहप्त्याने पैसे देणार होते. प्रारंभी ते रुतून बसले. अभियंता गावात येई, तांत्रिक भाषेत बोले, पुरुषांची सही घेऊन जाई. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाची जबाबदारी देण्यात आली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. हजाराहून अधिक गावांत त्या उभ्या राहिल्या. पट्टा म्हणजे काय, तो कोठे फिरवायचा, सिमेंटमध्ये वाळू किती, पहिला हप्ता कशासाठी खर्च करायचा आणि अभियंता आला नाही तर तक्रार कोणाकडे करायची, हे त्या ओट्यावर बसून सांगत. घरात चोवीस तास वावरणाऱ्या बाईला भिंतीतील भेग पुरुषाआधी दिसते, हे साधे निरीक्षण या योजनेच्या मुळाशी होते. पुढे २००१ मध्ये याच भागातील बायका कच्छमध्ये गेल्या आणि तेथील बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दगडाच्या भिंतीखाली गेलेली माणसे ज्यांनी उपसली होती, त्यांचा दगडावर पुन्हा विश्वास बसणे कठीण होते. त्यामुळे अनेकांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशांतून शेजारी काँक्रीटची एक लहान खोली बांधली आणि जुने घर तसेच वापरात ठेवले. दगड दोषी नसून रचना दोषी आहे, हे पटवण्यात अभियंते आणि सरकार दोघेही कमी पडले. प्रकल्प संपला तसे त्याचे ज्ञानही विखुरले. प्रशिक्षित गवंडी पुण्या-मुंबईच्या कामांवर गेले. पुनर्वसित गावांत कालांतराने पक्क्या घराला लागून त्याच जुन्या पद्धतीच्या खोल्या जोडल्या गेल्या. एका पिढीने शिकलेले पुढच्या पिढीला आपोआप मिळत नाही, हे त्यातून दिसले; १९९३ नंतर जन्मलेला मराठवाड्यातील गवंडी आज तिशीत आहे.

आज या साखळीतील जवळजवळ सर्व दुवे जालन्यात हाताशी आहेत, हीच खरी चुटपुट लावणारी गोष्ट. गावोगाव महिला बचतगट आहेत. १९९४ मध्ये महिला मंडळांची जी घडी बसवायला कष्ट पडले, ती आयती तयार आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून २०१६ पासून गावांत घरकुले बांधली जात आहेत आणि त्यांचेही पैसे हप्त्यांनीच मिळतात. त्याच योजनेत ग्रामीण गवंड्यांना पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. म्हणजे सरकारचा पैसा, सरकारचा अभियंता आणि गावातील गवंडी हे तिघे प्रत्येक नव्या घराशी एकत्र येतात. चौकटीच्या वरचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरला आहे की केवळ दारापुरता तुकडा टाकला आहे, हे पाहूनच पुढचा हप्ता सोडायचा, एवढे ठरवले तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. घरकुलाच्या जागी दोन बचतगटांच्या बायकांनी उभे राहून ते पाहावे, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची भेट कागदावर उरकली जाणार नाही.

शहराची गोष्ट वेगळी आणि एका अर्थाने अधिक अवघड. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. वाढत्या शहरात खाली वाहनतळासाठी मोकळे खांब आणि वर तीन-चार मजले, अशी इमारत सर्वांनाच सोयीची वाटते. २००१ च्या भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती बसल्या, त्यांत तळमजला असा पोकळ ठेवलेल्या इमारतींचा भरणा होता. खांबातील सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ असाव्यात आणि त्यांची टोके काटकोनात न सोडता आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रोवावीत, असे भारतीय मानक सांगते. मात्र हे मानक सक्तीचे ठरते ते तिसऱ्या आणि त्यावरील क्षेत्रांत. दुसऱ्या क्षेत्रात ते ऐच्छिक मानले गेले. पुन्हा नकाशाच आडवा येतो. रिंगेचे तोंड आत वळवायला गवंड्याचा अर्धा मिनिट आणि बोटभर सळई जास्त लागते.

आणि सळई तर जालन्याचीच. राज्यभर, किंबहुना राज्याबाहेरही, घरांच्या खांबांत जाणारे लोखंड या शहराच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांतून आणि रोलिंग मिलमधून निघते. ‘भूकंपरोधक’ हा शब्द सळयांच्या जाहिरातींत सर्रास वापरला जातो. वास्तविक सळई भूकंपरोधक नसते, रचना असते. चांगली सळई तुटण्याआधी पुरेशी ताणली जाते आणि रहिवाशांना बाहेर पडायला अवधी देते. तोही रिंगा नीट असतील तरच. जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाचा थोडा भाग या मिलवाल्यांनी तालुक्याच्या गावी, लोखंडाच्या दुकानासमोर, बांधकामावरच्या गवंड्यांसाठी रिंग वळवण्याचे प्रात्यक्षिक ठेवण्यावर केला, तर ते त्यांच्या धंद्यालाही जड नाही. गवंडी सळई घ्यायला त्या दुकानात येतोच. त्याला सभागृहात बोलावण्याची, प्रमाणपत्र देण्याची आणि चहापानाची देयके मंजूर करून घेण्याची गरज पडणार नाही. परतूर आणि मंठा येथील दुकानांपासून सुरुवात करता येईल. हिंगोलीच्या धक्क्यांच्या बातम्या तेथील लोकांच्या अजून स्मरणात आहेत.